धुळीची नोंद, पण कुणाच्या नावावर?

माझ्या पीएचडीचा विषय धूळ आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘धुळीचा कसला आलाय इतिहास?’ उंबरमाळीपासूनच सुरुवात करू.

उंबरमाळीनंतर कसारा आणि त्यापुढे थळ घाट. रेल्वे १८६१ मध्ये कसाऱ्याला आली आणि १८६५ मध्ये घाट चढून इगतपुरीला पोचली. सुरुंग लावून डोंगर फोडला, बोगदे काढले. चढ किती होता ते लगेच सापडतं: ३७ फुटांना १ फूट. धूळ कुणाच्या छातीत गेली, हे मात्र शोधत बसावं लागतं.

धुळीच्या आजारांची नोंद १९४८ च्या कारखाना कायद्यानं बंधनकारक केली. त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत सिलिकोसिस, अ‍ॅस्बेस्टोसिस आणि कापसाच्या धुळीचा बायसिनोसिस होते. २०२५ पर्यंत कलम ८९ प्रमाणे असा रुग्ण दिसला की डॉक्टरनं मुख्य कारखाना निरीक्षकाला कळवायचं होतं. पण रुग्ण कोण? कारखान्यातला कामगार. कुंपणाबाहेर राहणारी बाई या नोंदवहीत येतच नव्हती.

धूळ काही कुंपण बघून थांबत नाही. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेत वॅगनर आणि सहकाऱ्यांनी मेसोथेलिओमा या कर्करोगाचे ३३ रुग्ण मांडले. त्यातले कित्येकजण अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणीत कधी कामाला नव्हते. लहानपणी खाणीजवळ राहिले होते, एवढंच. मुंबईत केईएमच्या डॉ. एस. आर. कामत यांनी १९७० च्या दशकाअखेरीस हाच रस्ता धरला. शहरातले तीन भाग आणि तुलनेला एक ग्रामीण भाग, मिळून ४,१२९ जण तपासले. निकष होता राहण्याचा पत्ता.

आता परत उंबरमाळी. आपला काळा दगड बेसाल्ट. त्यात क्वार्ट्झ कमी, म्हणून खडी क्रशरजवळच्या प्रत्येक खोकल्याला सिलिकोसिस म्हणणं चूक ठरेल. पण ‘म्हणजे धोका नाही’ हेही चूकच. बारीक धूळ कुठल्याही दगडाची असो, ती फुफ्फुसात खोल जाते, दमा बळावतो. १९८१ च्या हवा कायद्यानं हवेतली धूळ मोजली जाते. पाड्यावरचा खोकला केसपेपरवर नुसता ‘खोकला’ म्हणून राहतो.

वॅगनरना उत्तर मिळालं, कारण ‘काम काय करता?’ याच्या जोडीला ‘राहत कुठे होता?’ हेही विचारलं गेलं. केसपेपरवर तेवढी एक ओळ वाढली, तरी पुढच्या संशोधकाला शेजारी सापडेल.