‘ले-आऊट’ : शब्द आणि शेत

माझें गांव तिवसा हें नागपूर-अमरावती हमरस्त्यावर आहे. या रस्त्यानें जो कोणी प्रवास करतो त्याला दोहों बाजूंस एक देखावा हटकून दिसतो. कालपर्यंत जेथें कपाशी, तूर किंवा संत्र्याची बाग उभी होती, तेथें मुरुमाचे रस्ते पडलेले असतात, सिमेंटचे खुंट ओळीनें रोवलेले असतात, आणि तोंडाशीं एक फलक असतो. फलकावर एखाद्या देवाचें अथवा कोणाच्या वडिलांचें नांव, आणि त्यापुढें शब्द : ‘ले-आऊट’. वऱ्हाडांत व नागपुराकडे हा शब्द इतका रुळला आहे कीं, तो पत्त्यांत लिहितात, लग्नपत्रिकेंत छापतात, आणि इंग्रजीचें अक्षरहि न शिकलेली आजीबाई “आमच्या ले-आऊटात नळ नाई आला” असें सहज बोलते. पुण्या-मुंबईकडील मनुष्य मात्र या शब्दानें छापील पानाची मांडणी समजतो. हा शब्द आपल्याकडे कोठून आला व येतांना काय काय घेऊन आला, हें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

इंग्रजी भाषेंत ‘ले’ म्हणजे ठेवणें, आडवें घालणें. ‘आऊट’ म्हणजे बाहेर. दोन्ही शब्द पहिल्या यत्तेंतले. पण ते एकत्र आले कीं विद्यार्थी गोंधळतो. ‘ले आऊट’ म्हणजे कपडे किंवा पानें पसरून ठेवणें. पैसा खर्च करणें. बागेची वा नगराची आंखणी करणें. एका तडाख्यांत एखाद्यास आडवा करणें. आणि शेवटीं, मृत मनुष्याचा देह अंत्यविधीसाठीं नीट करून ठेवणें. तेच दोन शब्द उलट जोडले म्हणजे ‘आऊटले’ होतो, व त्याचा अर्थ केवळ खर्च. अंदाजपत्रकांत तो आपण नेहमी ऐकतों.

अशा जोड क्रियापदांची अडचण आपल्यालाच वाटते असें नाहीं. डॉक्टर जॉन्सन यांनीं १७५५ सालीं आपला प्रसिद्ध कोश छापला, तेव्हां त्याच्या प्रस्तावनेंत परकीयांस सर्वांत कठीण जाणारी गोष्ट म्हणून याच रचनेकडे बोट दाखविलें. अशा क्रियापदांस आज रूढ असलेलें ‘फ्रेझल व्हर्ब’ हें नांव लोगन पिअर्सल स्मिथ यांच्या १९२५ च्या पुस्तकानें प्रचारांत आणलें. जुन्या इंग्रजींत हीं अव्ययें पुष्कळदां धातूच्या आधीं जोडलेलीं असत. कालांतरानें तीं मागें सरकून सुटीं झालीं. १०६६ मध्यें नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकल्यावर दरबारांत व न्यायालयांत फ्रेंच आणि लॅटिन शब्दांचा मान वाढला; चुलीपाशीं व शेतावर मात्र हीं ठेंगणीं देशी क्रियापदेंच टिकलीं. सामान्य मनुष्याला थोड्या शब्दांत पुष्कळ काम भागवावयाचें असतें, म्हणून एकेका शब्दाच्या पाठीवर पांच-पांच अर्थांचें ओझें आलें.

संस्कृत जाणणारास यांत नवल वाटूं नये. ‘हृ’ हा एकच धातु. पण आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार या शब्दांत उपसर्ग त्याला पांच दिशांस ओढून नेतात. वेदांतील भाषेंत तर हे उपसर्ग धातूपासून सुटेहि आढळतात. आपल्या मराठींतलें ‘मांडणें’ घ्या. पाट मांडतात, पूजा मांडतात, हिशेब मांडतात, दुकान मांडतात, डाव मांडतात, विचार मांडतात, आणि संसारहि मांडतात. इंग्रज विद्यार्थ्याला हें क्रियापद शिकवावयाचें झालें तर त्याचीहि आपल्यासारखीच तारांबळ उडेल.

आतां शब्द सोडून जमिनीकडे वळूं. आपल्या जुन्या ग्रामव्यवस्थेंत गांवाचे दोन भाग मानीत : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पांढरी कशी वाढावी हें कोणी कागदावर काढीत नसे; विहीर, देऊळ, वाडा यांच्या आधारानें घरें उभीं राहत. १८५३ च्या तहानें निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. त्यानंतर येथें मुंबई इलाख्याच्या रयतवारी पद्धतीनें मोजणी झाली. गोल्डस्मिड व विंगेट यांनीं इंदापूर तालुक्यांत १८३५ च्या सुमारास जी पद्धत घातली, तीच ही. तेहतीस फुटांची सांखळी, तिचा चौरस म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. शेताला नांव होतें, आतां नंबरहि आला. १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोंचली आणि कापसाच्या पेठा फुगल्या. अमरावतींत परकोटाच्या आंतलें जुनें शहर आणि त्याबाहेरचा, सरळ रस्त्यांचा कॅम्प हे दोन भाग शेजारीं शेजारीं पाहिले कीं, आपोआप वाढलेलें गांव व आंखून वसविलेलें गांव यांतील भेद डोळ्यांनींच कळतो.

पुढें १९३६ च्या कायद्यानें नागपुरास सुधार प्रन्यास स्थापन झाला. शेतें संपादन करून, रस्ते व मोकळ्या जागा आंखून भूखंड पाडणें हें त्याचें एक काम. सरकारी नकाशावरील ‘ले-आऊट’ हा शब्द त्या सुमारास लोकांच्या तोंडीं बसला असावा, असें मानण्यास जागा आहे. दूर बंगळूर शहरांतहि वसाहतींच्या नांवांत तो असाच शिरला आहे. १९६६ सालीं महाराष्ट्रांत जमीन महसूल अधिनियम व प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम असे दोन कायदे झाले. काळीची पांढरी करावयाची तर कोणती परवानगी घ्यावी, आराखडा कोणी मंजूर करावा, याचा मार्ग त्यांनीं घालून दिला. पण शहरें कायद्यापेक्षां वेगानें धांवलीं. शेताचे गुंठ्यागुंठ्यानें तुकडे विकले जाऊं लागले, आणि घरें उभीं राहिल्यावर तीं नियमांत बसविण्यासाठीं २००१ मध्यें गुंठेवारीचा स्वतंत्र कायदा करावा लागला. २०२१ मध्यें त्याची मुदत पुढें वाढविण्यांत आली.

येथें मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला खेड्यांतला मास्तर. तरी गांवांत इंग्रजी कागद आला कीं तो माझ्याकडे येई. आमच्या शाळेंतील एक शिपाई निवृत्त झाला. हातीं आलेल्या पैशांतून त्याला शहराच्या कडेला घरासाठीं जागा घ्यावयाची होती. तो नकाशा घेऊन आला आणि म्हणाला, “मास्तर, हे काय लिवलं हाय, जरा वाचून सांगा.” वर ठळक अक्षरांत ‘प्रपोज्ड ले-आऊट’ असें होतें. मीं मोठ्या थाटांत त्याला ‘ले-आऊट’चे अर्थ समजावून दिले. ‘प्रपोज्ड’ म्हणजे नुसता योजिलेला, मंजूर न झालेला, या साध्या शब्दावर मीं बोट ठेवलें नाहीं. कठीण शब्दाच्या कौतुकांत सोपा शब्द निसटला.

पुढें घर बांधण्याची परवानगी मागावयास गेला तेव्हां त्याला कळलें कीं, दप्तरीं ती जमीन अजून शेतच आहे. विकणारा केव्हांच दूर गेला होता. आयुष्याची पुंजी खर्ची पडली होती, आणि त्या धक्क्यानें माणूस आडवा झाला होता. एका शब्दाचे दोन अर्थ मीं पुस्तकांत वाचले होते. ते त्याच्या घरीं मीं डोळ्यांनीं पाहिले. तो मला एवढेंच म्हणाला, “तुमी त बरोबरच वाचलं होतं, मास्तर.” हें वाक्य मला शिवीपेक्षां जड गेलें. आजहि त्या जागेंत खुंट उभे आहेत आणि मध्यें बाभळी वाढल्या आहेत.

म्हणून श्रोतेहो, परभाषेंतला शब्द आपल्या दारीं आला तर त्याला हांकून द्या असें मी म्हणणार नाहीं. शब्द येतात व घरचे होतात. ‘ले-आऊट’ आमच्या वऱ्हाडाचा झालाच आहे. पण तो छापील आहे, इंग्रजी आहे, म्हणून सरकारी शिक्क्याइतका खरा, असें मानूं नये. फलकावर शब्द दिसला तर त्यामागें मंजुरीचा आदेश आहे काय, तो कोणत्या तारखेचा, कोणाच्या सहीचा, हें विचारावें; आणि आपल्याला वाचतां येत नसेल तर जो वाचून दाखवील त्याला प्रत्येक शब्द वाचावयास लावावें. मुलांना क्रियापदांचे अर्थ पाठ करून घेणाऱ्या माझ्यासारख्या मास्तरांनीं तर हा धडा आधीं स्वतः गिरवावा.