स्फटिकात अडकलेल्या भाराचा हिशेब

गॅमा किरण अर्धवाहक स्फटिकात शिरला की त्याची ऊर्जा इलेक्ट्रॉन आणि होल यांच्या जोड्या तयार करण्यात खर्च होते. जोड्या मोजल्या की ऊर्जा कळली, इतका सरळ हा मामला. पण स्फटिकातले दोष आणि अशुद्धी या जोड्यांतला काही भार वाटेतच अडकवतात. किती भार अडकेल, हे किरण किती खोलवर थांबला यावर ठरतं. त्यामुळे एकाच ऊर्जेचे किरण वेगवेगळे आकडे दाखवतात, आणि वर्णपटातल्या टोकदार शिखराला कमी ऊर्जेच्या बाजूला शेपूट फुटतं.

या तोट्याचं गणित कार्ल हेख्ट या जर्मन संशोधकाने 1932 मध्येच मांडलं होतं. त्याचं समीकरण आजही वापरात आहे.

1960च्या दशकात गॅमा किरणांच्या डिटेक्टरांत जर्मेनियम आलं. लिथियम मुरवलेल्या जर्मेनियमने कॅनडातल्या चॉक रिव्हरसारख्या प्रयोगशाळांत अणुकेंद्रांच्या अभ्यासाचा चेहराच बदलला. मात्र लिथियम जागेवरून हलू नये म्हणून हे डिटेक्टर सदैव द्रव नायट्रोजनच्या थंडीत ठेवावे लागत. पुढच्या दशकात अतिशुद्ध जर्मेनियम मिळू लागलं आणि ती कटकट वापराच्या वेळेपुरती उरली. त्यात इलेक्ट्रॉन आणि होल दोन्ही झपाट्याने धावतात, सापळे फार थोडे. म्हणूनच कोबाल्ट-60च्या 1332 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या शिखराची रुंदी जेमतेम 2 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट भरते.

कॅडमियम झिंक टेल्युराइड म्हणजे सीझेडटी खोलीच्या तापमानाला चालतं, पण त्यातले होल मंद असतात आणि लवकर अडकतात. स्फटिक कितीही सुधारले तरी हा दोष पुरता जाईना. तोडगा निघाला तो इलेक्ट्रोडच्या रचनेतून, आणि या इतिहासातली सर्वांत कल्पक चाल तीच. ऑटो फ्रिश यांनी 1940च्या दशकात वायूच्या कक्षात तारांची जाळी बसवून मंद आयनांचा प्रभाव झाकला होता. तेच सूत्र बर्कलीच्या पॉल ल्यूक यांनी 1994 मध्ये स्फटिकावर आणलं. एकमेकींत गुंफलेल्या दोन पट्ट्यांचे संकेत वजा केले की होलांचा वाटा जवळपास पुसला जातो, इलेक्ट्रॉनांचा उरतो. बारीक पिक्सेलही हेच साधतात.

28 सप्टेंबर 2015 रोजी अवकाशात गेलेल्या ॲस्ट्रोसॅट या उपग्रहावर असे 5 मिलिमीटर जाडीचे, 256 पिक्सेलांचे 64 सीझेडटी डिटेक्टर आहेत. त्यांच्या माहितीवरची प्रक्रिया पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत होते. तिथेही कृष्णविवराचा वर्णपट वाचण्याआधी अडकलेल्या भाराचं शेपूट गणितात धरावंच लागतं.