अब्रू

'अब्रू' हा शब्द फारसीतल्या 'आबरू'वरून आला. 'आब' म्हणजे पाणी, 'रू' म्हणजे चेहरा. मोत्याला पाणी असतं, तसं माणसाच्या चेहऱ्यावरचं तेज म्हणजे आबरू. 'आब राखून वागणे' यातला आबही तोच.

दुसऱ्याने आपली बदनामी केली, तर 'अब्रूनुकसानी'चा खटला भरता येतो. 1860च्या दंड संहितेत त्यासाठी कलम 499 होतं. जुलै 2024पासून न्याय संहितेचं कलम 356 आहे. पण दिलेला शब्द आपणच फिरवला, तर दाद कुठे मागणार? किराणा दुकानदार वहीत नुसतं नाव लिहून महिन्याचा माल देतो. पगार झाल्याबरोबर, त्याने विचारायच्या आत जो उधारी चुकती करतो, तो खरा अब्रूदार.