शाळेतले गाणे आणि यजमानाची जबाबदारी

डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला राष्ट्रीय सभेचे ३९ वे अधिवेशन भरले. महात्मा गांधी अध्यक्षपदी बसले ते एवढ्या एकाच अधिवेशनात. गंगाधरराव देशपांडे स्वागताध्यक्ष होते आणि मंडपातील शिस्त सांभाळत होते हुबळीच्या डॉ. ना. सु. हर्डीकरांच्या हिंदुस्थानी सेवादलाचे स्वयंसेवक. त्या मंडपात गायलेल्या शाळकरी मुलींमध्ये धारवाडची एक अकरा वर्षांची मुलगी होती. याच पुढे गंगूबाई हनगल म्हणून देशाला माहीत झाल्या.

ही गोष्ट आपल्या हुबळी-धारवाडच्या घराघरांत अभिमानाने सांगितली जाते. परंतु गंगूबाईंनीच सांगितलेला तिचा दुसरा भाग आपण बहुधा गाळतो. गाण्याचे कौतुक होत असताना त्या मुलीच्या मनात धाकधूक होती, ती जेवणाच्या वेळेची. जातीवरून आपल्याला वेगळे तर वागवणार नाहीत ना? गाणाऱ्या बायकांच्या घराण्यात जन्मल्यामुळे धारवाडच्या रस्त्यावर टोमणे ऐकण्याची तिला सवय होती. म्हणजे गळा सर्वांना हवा होता, पण त्या गळ्यामागच्या माणसाचा मान राखणे हे कोणाचे काम, हे मात्र ठरलेले नव्हते.

धारवाडला शिक्षणात संगीत नवे नाही. भास्करबुवा बखल्यांसारखे गवई येथील ट्रेनिंग कॉलेजात संगीत शिकवीत होते. मात्र सामान्य शाळेला संगीतशिक्षक क्वचितच लाभतो. मग कोणी निवृत्त कारकून पेटी घेऊन येतो, कोणी गृहिणी मुलींकडून स्वागतगीत बसवून घेते. घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्या या मंडळींमुळेच आपली स्नेहसंमेलने उभी राहतात.

येथे एक कबुली देणे भाग आहे. पंचवीसएक वर्षांपूर्वी मी एका शाळेत नवखा सहशिक्षक होतो. तेथे एक बाई दोन वर्षे विनामोबदला गाणे शिकवायला येत. एका संध्याकाळी तालीम आटोपल्यावर शाळेच्याच एका कर्मचाऱ्याने जिन्यात त्यांची वाट अडवली आणि हात धरला. त्यांनी धीर करून तक्रार केली. व्यवस्थापनाचे उत्तर असे की, बाई काही आपल्या पगारपत्रकावर नाहीत, तेव्हा हा त्यांचा खासगी प्रश्न. मी त्या बैठकीत हजर होतो आणि खाली मान घालून बसलो होतो. बाई परत आल्या नाहीत. त्या वर्षी स्वागतगीत टेपरेकॉर्डरवर वाजले.

नेमका हाच प्रश्न त्याआधी देशापुढे आला होता. राजस्थानातील भटेरी गावच्या भंवरीदेवी या सरकारी महिला विकास कार्यक्रमातील 'साथिन', अल्प मानधनावरच्या ग्रामसेविका. बालविवाह रोखण्याचे काम केल्याचा सूड म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. काम सरकारचे, पण काम करणारीच्या सुरक्षिततेला जबाबदार कोण, याविषयी कायदा मुका होता. त्यातूनच विशाखा खटला उभा राहिला आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कामाच्या जागी स्त्रीचा लैंगिक छळ रोखणे हे मालकाचेच कर्तव्य आहे. आमच्या बैठकीपूर्वीच हा निवाडा झाला होता, पण आमच्या स्टाफरूमपर्यंत तो पोचला नव्हता.

२०१३ मध्ये याविषयी स्वतंत्र कायदा झाला. त्यात शाळा हीसुद्धा कामाची जागा आहे आणि पगार न घेता, स्वेच्छेने काम करणारी व्यक्तीही 'कर्मचारी' या व्याख्येत येते. पगारपत्रकाची सबब तेथेच संपते. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे. तिची अध्यक्ष त्याच संस्थेतील वरिष्ठ स्त्री असावी, निम्म्याहून कमी स्त्रिया नसाव्यात आणि एक सदस्य बाहेरचा असावा. समिती न नेमल्यास मालकाला पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. तालमीला थांबणाऱ्या मुलामुलींसाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा संस्थाप्रमुखाने कळवला नाही, तर त्या प्रमुखालाच एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

आता मुख्याध्यापकाच्या खुर्चीत मी आहे. स्नेहसंमेलनाच्या पहिल्या बैठकीत गाण्यांची यादी करण्याआधी मी दोन-तीन गोष्टी ठरवून घेतो. तालीम दिवसाउजेडी संपेल, जिन्यातला दिवा चालू असेल, शेवटची मुलगी आणि शिकवायला आलेल्या बाई फाटकाबाहेर पडेपर्यंत एक शिक्षिका थांबेल. समितीच्या सदस्यांची नावे फलकावर असतील आणि बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला ती पहिल्याच दिवशी दाखवली जातील. कोणी म्हणतात, सर, फार कायदा करता. त्यांना मी बेळगावच्या मंडपातील त्या अकरा वर्षांच्या मुलीची धाकधूक सांगतो. जिन्यातली गोष्ट सांगायला मात्र मला एवढी वर्षे लागली.