येळवणी : एका आमटीच्या नावाची घडण

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत पुरणपोळीबरोबर केल्या जाणाऱ्या झणझणीत, पातळ आमटीला पुस्तकी मराठीत ‘कटाची आमटी’ म्हणतात, परंतु घरोघरी तिचे नाव ‘येळवणी’ असेच आहे. आणि ते नाव गावंढळ समजून बाजूला सारण्याजोगे नाही, कारण पदार्थ कसा सिद्ध होतो हे त्यातच सांगितलेले आहे. ‘वेळणे’ म्हणजे शिजलेल्या भातातील किंवा डाळीतील जास्तीचे पाणी, भांड्याच्या तोंडावर झाकण धरून, ओतून काढणे. त्याला ‘पाणी’ या शब्दाचे समासात होणारे ‘वणी’ हे रूप जोडले की ‘वेळवणी’ होते. गुळवणी आणि चिंचवणी हे शब्द याच घडणीचे आहेत. ‘अळणी’ मात्र संस्कृत ‘अलवण’वरून आलेला असल्याने या कुळातला नव्हे.

शब्दारंभीच्या ‘वे’चा ‘ये’ होणे ही या बोलीची जुनी सवय असून ती वेळेला येळ आणि वेशीला येस म्हणते. देशावरील दुसऱ्या एका आमटीचे नावही याच वाटेने उलगडते. धान्ये, डाळी आणि मसाले भाजून दळलेल्या ज्या पुडीला ‘येसर’ किंवा ‘येसूर’ म्हणतात, तिचे मूळ संस्कृत ‘वेसवार’ या शब्दात दिसते, आणि अमरकोशात वेसवाराचा अर्थ उपस्कर, म्हणजे स्वयंपाकातील मसाला, असा दिलेला आहे.

येळवणीसाठी हरभऱ्याची डाळ बोटचेपी शिजली की तिचे पाणी वेळून घेतात, त्यात थोडी डाळ घोटून मिसळतात, कांदा व सुके खोबरे विस्तवावर काळपट होईपर्यंत भाजून पाट्यावर वाटतात, आणि फोडणीत कांदा-लसणाची चटणी, म्हणजे वर्षाची बेगमी म्हणून कांडून ठेवलेला लाल मसाला, सोडतात. उकळी फुटली की तेलाचा तांबडा तवंग वर येतो. एवढे तिखट असूनही नावात तिखटाचा मागमूस नाही. ‘आमटी’ हा शब्द तर आंबटाशी नाते सांगतो. मिरची या देशात पोर्तुगिजांबरोबर, 16व्या शतकात आली. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 12व्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथातील पाकवर्णनांत मिरे आहे, मिरची नाही, आणि या परक्या फळाला मराठीने नावही मिऱ्यावरूनच दिले.

रोजच्या कालवणाला या भागात ‘कोरड्यास’ म्हणतात, म्हणजे कोरड्या भाकरीस लावून खाण्याचे. ‘कालवण’ हा शब्दही कालवण्याच्या क्रियेवरूनच आलेला आहे. सणाच्या दुसऱ्या दिवशी उरलेली, मुरलेली येळवणी शिळ्या भाकरीच्या कुस्कऱ्यावर ओतली जाते, तेव्हा तीही कोरड्यासच होते.