फेसाचा इतिहास आणि जिभेचा कौल

लग्नाच्या मंडपात केक कापला जातो, वडीलधारी मंडळी नवदांपत्याला शुभेच्छा देतात आणि बाटलीचे बूच उडते. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांत हा क्षण आता चांगलाच रुळला आहे. मात्र पेला ओठांना लावताच अनेकांच्या चेहऱ्यावर आंबट छटा उमटते, हेही आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. बाटली महागडी, पेढी नावाजलेली, आणि तरी घोट घशाखाली उतरत नाही. यात दोष द्राक्षारसाचा नसतो आणि पाहुण्यांचाही नसतो. बाटलीवर छापलेल्या एका शब्दाकडे आपले दुर्लक्ष झालेले असते. त्या शब्दामागे मोठा इतिहास आहे आणि तो जाणून घेतला तर निवड सोपी होते.

शँपेन हा फ्रान्सच्या ईशान्येकडील प्रांत. रँस आणि एपर्ने ही तेथील द्राक्षारसाच्या व्यापाराची मुख्य नगरे. एपर्नेजवळील ओव्हिलेर गावी बेनेडिक्टाइन संन्याशांचा मठ होता. 1668 पासून 1715 मध्ये देहावसान होईपर्यंत दोम पिएर पेरिन्यों या संन्याशाने त्या मठाच्या कोठाराचा कारभार पाहिला. फेसाळ शँपेनचा शोध त्यांनीच लावला, पहिला घोट घेताच आपण तारे पीत असल्याचे उद्गार त्यांनी काढले, अशी आख्यायिका जगभर सांगितली जाते. धर्मबंधूचा असा गौरव कानाला गोड लागतो; परंतु सत्याचा मान त्याहून मोठा आहे. ती कथा 19व्या शतकात रंगवली गेली. दोम पेरिन्यों यांच्या काळी फेस हा दोष मानला जात होता आणि तो टाळण्याकडेच त्यांचा कल होता. त्यांची खरी थोरवी वेगळ्या गोष्टींत आहे. निरनिराळ्या मळ्यांतील द्राक्षांचा मेळ कसा घालावा आणि काळी द्राक्षे हलक्या हाताने दाबून त्यांतून स्वच्छ पांढरा रस कसा काढावा, या कलांना त्यांनी शिस्त लावली.

मग फेस आला कोठून? तो त्या थंड प्रदेशाच्या हवेतून आला. हिवाळ्यात रस आंबण्याची क्रिया मध्येच थांबे आणि वसंतात ऊब मिळताच बंद बाटलीत पुन्हा सुरू होई. त्यातून निघणाऱ्या वायूला वाट न मिळाल्याने तो द्रवातच मुरे. बाटल्या फुटत, कोठारातील सेवक जखमी होत. इंग्लंडमध्ये मात्र कोळशाच्या भट्टीत घडवलेली काच अधिक मजबूत असे. द्राक्षारसात साखर वा काकवी घालून तो फसफसता करण्याची तेथील रीत क्रिस्टोफर मेरेट या विद्वानाने 1662 मध्येच रॉयल सोसायटीपुढे मांडली होती. फ्रेंचांना जो दोष वाटला, त्याची इंग्रजांना गोडी लागली. म्हणजे या पेयाच्या जन्मापासूनच पिणाऱ्याची आवड निर्णायक ठरली आहे.

पुढचा टप्पा गाठला तो एका विधवेने. बार्ब-निकोल क्लिको यांना 1805 मध्ये, वयाच्या अवघ्या 27व्या वर्षी वैधव्य आले. पतीचा व्यवसाय त्यांनी स्वतः चालवायला घेतला. त्या काळी बाटलीच्या तळाशी यीस्टचा गाळ साचून पेय गढूळ होत असे. त्यांच्या कोठारात 1816च्या सुमारास भोके पाडलेल्या मेजात बाटल्या तोंडाकडून खाली खोचून रोज थोड्या थोड्या फिरवण्याची युक्ती आकाराला आली. गाळ बुचापाशी जमला की तो काढून टाकायचा आणि रिकामी झालेली जागा द्राक्षारस व साखरेच्या मिश्रणाने भरून काढायची. बाटली किती गोड होणार, हे मुख्यतः या शेवटच्या मिश्रणावर ठरते.

ही साखर किती घालावी, हे गिऱ्हाईक ठरवी. रशियाच्या दरबारी मंडळींना ती लिटरमागे 200 ग्रॅमच्याही वर लागे, म्हणजे आजच्या कोलाच्या जवळजवळ दुप्पट गोडी! फ्रेंच लोकही गोडाचेच भोक्ते होते. इंग्रजांना मात्र जेवणासोबत पिण्यासाठी कोरडी चव हवी होती. त्यांच्यासाठी लुईझ पोमेरी यांनी, याही विधवाच, 1874 मध्ये फारशी साखर नसलेली शँपेन बाजारात आणली. हळूहळू तीच जगाची रीत झाली.

आता बाटलीवरील शब्दांचा घोळ उलगडतो. 'सेक' म्हणजे कोरडी. परंतु हा शब्द ज्या काळी रूढ झाला, तेव्हा बाकी सर्व इतके गोड होते की थोडी कमी गोड तीही कोरडीच ठरे. चव आणखी कोरडी होत गेली तसे नवे शब्द हवे झाले. 'एक्स्ट्रा ड्राय' आला आणि 'कच्चा, रांगडा' अशा अर्थाचा 'ब्रूट'ही आला. म्हणून आज लिटरमागे साखरेचे प्रमाण असे असते: एक्स्ट्रा ब्रूटमध्ये 6 ग्रॅमपर्यंत, ब्रूटमध्ये 12हून कमी, एक्स्ट्रा ड्रायमध्ये 12 ते 17, सेकमध्ये 17 ते 32, दमी-सेकमध्ये 32 ते 50 आणि दू या प्रकारात 50हून अधिक. 'एक्स्ट्रा ड्राय' ही ब्रूटपेक्षा गोड असते, हे ऐकून अनेकांना नवल वाटते. इतिहास ठाऊक असलेल्यास वाटणार नाही.

वाचकहो, निवडीची किल्ली हीच. केकसोबत ब्रूट दिली की ती अधिकच आंबट लागते, कारण केकची साखर तिची उरलीसुरली गोडी झाकून टाकते. गोड पदार्थासोबत दमी-सेक द्यावी, किंवा इटलीची मस्कत द्राक्षांची 'आस्ती' द्यावी. आस्ती सुगंधी, गोड आणि मद्यार्काने सौम्य असते. तळलेली मासळी व खारे पदार्थ असतील तेथे मात्र ब्रूट खुलते. फळांसारखी ताजी, हलकी चव आवडत असेल तर इटलीची 'प्रोसेको' पाहावी. ती बाटलीऐवजी मोठ्या बंद टाक्यांत फसफसवली जाते, म्हणून स्वस्तही पडते. पावाच्या भाजलेल्या कवचासारखा गंध आवडत असेल, तर बाटलीतच यीस्टवर मुरलेली शँपेन किंवा स्पेनची 'कावा' निवडावी. कोणतीही घेतली तरी ती बर्फ घातलेल्या पाण्यात अर्धा तास गार करावी. बाटलीत मोटारीच्या चाकाच्या दुपटीहून अधिक दाब असतो. म्हणून तिचे तोंड माणसांकडे धरू नये आणि बूच घट्ट धरून बाटली हळूच फिरवावी.

आपल्या महाराष्ट्राचाही या इतिहासाशी धागा जुळला आहे. 1980च्या दशकात जुन्नर तालुक्यातील नारायणगावी फ्रेंच तंत्राने फेसाळ वाइन तयार होऊ लागली आणि 'ओमर खय्याम' या नावाने परदेशी गेली. ती कंपनी पुढे मोडली, पण वाट पडली होती. नंतर नाशिकच्या परिसरातही बाटलीत मुरवलेल्या फेसाळ वाइन होऊ लागल्या. त्यांना शँपेन म्हणता येत नाही, कारण ते नाव त्या फ्रेंच प्रांताचे आहे. पण नाव नाही म्हणून चव उणी ठरत नाही.

हे सांगण्यामागे आमचा एक हेतू आहे. लग्नघरी नावासाठी पैसा ओतला जातो, कधी त्यासाठी कर्जही काढले जाते, आणि निम्मे पेले अर्धवट राहतात. झारच्या दरबाऱ्यांनी गोड मागितली, इंग्रजांनी कोरडी मागितली. कोणालाही आपल्या आवडीची लाज वाटली नाही. मग वसईच्या आजीला गोड घोट आवडला तर तिने का संकोचावे? आणि जो पीत नाही, त्याच्या हातातील सरबताचा पेलाही त्याच सन्मानाने उंचवावा.

काना गावच्या लग्नातील भोजनकारभाऱ्याचे आम्हांला या संदर्भात फार कौतुक वाटते. द्राक्षारस कोठून आला, हे त्याला ठाऊक नव्हते. त्याने तो चाखला आणि उत्तम असल्याचा निर्वाळा दिला.