पांझरेकाठचे फड : पाण्याच्या वाटणीचा एक जुना हिशेब

दोंडाईचा म्हटले की बाहेरच्या माणसाला मिरचीचा बाजार आठवतो. येथे राहणाऱ्याला मात्र आधी पाणी आठवते. गावातून अमरावती नदी वाहते. वाहते म्हणजे पावसाळ्यात वाहते. उत्तरेस काही कोसांवर तापी आहे, पण ती खोल पात्रातून जाते आणि काठावरच्या शेतांना बहुधा तिचे दर्शनच घडते. सह्याद्रीने पश्चिमेचे ढग अडवल्यावर जे उरतात त्यांवर शिंदखेडा तालुक्याची बाजरी, ज्वारी आणि कापूस पिकायचा. अशा प्रदेशात दारिद्र्य कोठून येते, हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

'शाश्वत विकास' हा शब्द आता आपल्या ओळखीचा झाला आहे. नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९८७ साली आपल्या अहवालातून तो जगापुढे मांडला. आजची गरज भागवताना पुढच्या पिढ्यांची भाकर हिरावून घेऊ नये, असा त्याचा साधा अर्थ. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी १७ उद्दिष्टे ठरवली आणि २०३० पर्यंत दारिद्र्याचे निर्मूलन हे त्यांत पहिले ठेवले. त्याच वर्षी पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या परिपत्रकात पिण्याचे शुद्ध पाणी हा मनुष्याचा मूलभूत हक्क आहे, असे निःसंदिग्धपणे सांगितले. शब्द नवे आहेत. त्यांच्यामागचा प्रश्न, म्हणजे थोडे पाणी अनेकांनी पिढ्यान्‌पिढ्या कसे वापरावे, आमच्या जिल्ह्यात निदान तीन-चारशे वर्षांचा आहे, आणि त्याचे एक उत्तरही येथेच तयार झाले होते. त्या उत्तराचे नाव 'फड'.

दोंडाईच्याच्या दक्षिणेस साक्री तालुका आहे. त्याच्या पश्चिमेकडील डोंगरांत, पिंपळनेरच्या बाजूस, पांझरा उगम पावते, धुळे शहरातून जाते आणि मुडावदजवळ तापीला मिळते. या पांझरेवर, तसेच नाशिक जिल्ह्यातील मोसम आणि आरम या नद्यांवर, जुन्या काळी दगडी बंधाऱ्यांची एक मालिका उभी राहिली. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या खानदेशच्या गॅझेटियरमध्ये या बंधाऱ्यांची दखल आहे. लोकपरंपरा त्यांचे श्रेय मुसलमान राजवटीला देते. फारुकी सुलतानांची सत्ता येथे १६०१ पर्यंत, म्हणजे अकबराने असीरगड घेईपर्यंत होती. बंधारे नक्की कोणी आणि केव्हा बांधले याचा वाद इतिहासकारांवर सोपवू. बंधारा बांधणारा राजा असो की जहागीरदार, तो चालवला गावकऱ्यांनी, आणि माझ्या मते खरा इतिहास तेथे आहे.

बंधारा नदीचे पाणी साठवत नसे. ते थोडे उचलून कालव्यात वळवत असे. कालव्यातून चाऱ्या फुटत, चाऱ्यांतून शेतापर्यंत जाणारे 'सारंग' निघत. जादा झालेले पाणी 'सांडमा'वाटे पुन्हा नदीत सोडले जाई, म्हणजे खालच्या गावाच्या बंधाऱ्याला ते मिळे. बंधाऱ्याखालची सारी जमीन तीन किंवा चार मोठ्या तुकड्यांत विभागलेली असे. या प्रत्येक तुकड्याला फड म्हणत. एका फडात एका हंगामी एकच पीक. यंदा या फडात ऊस असेल, तर दुसऱ्यात गहू-हरभऱ्यासारखे हंगामी पीक, तिसऱ्यात ज्वारी किंवा बाजरी आणि एखादा फड पडीक. पुढच्या वर्षी पाळी बदले. त्यामुळे जमिनीला विसावा मिळे, आणि सारे पीक सारखे असल्याने पाणीही सलग आणि कमी नासाडीने फिरे.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. शेतकऱ्याची जमीन एकाच ठिकाणी नसून प्रत्येक फडात त्याचा एकेक पट्टा असे. म्हणून उसाचा फड कोठेही असो, त्यात त्याचा वाटा असे. बाजरीच्या फडातही असे आणि पडीक फडातही असे. पाऊस कमी झाला की पंच बसत आणि यंदा किती फडांना पाणी पुरेल ते ठरवत. एक फड कमी झाला तर तो सर्वांचाच कमी होई. कालव्याच्या तोंडाशी असणारा भरपूर पाणी घेतो आणि शेपटाकडचा कोरडा राहतो, हे आज आपल्या बहुतेक कालव्यांवर दिसणारे चित्र तेथे फारसे संभवत नव्हते, कारण तोंडाशी आणि शेपटाशी जमीन असणारी माणसे तीच होती. पाण्याची वाटणी पुष्कळांनी केली आहे. तुटीची वाटणी करणारी व्यवस्था मला इतरत्र फार थोडी आढळली.

ही व्यवस्था सांभाळायला माणसे नेमलेली असत. 'पाटकरी' शेतोशेती पाणी फिरवी. त्याच्यावर 'हवालदार' देखरेख करी. 'जागल्या' उभ्या पिकाची राखण करी. शेतकऱ्याला स्वतःच्या हाताने बारे फोडण्याची मुभा नसे; पाणी देणारा आणि पाणी घेणारा हे दोघे वेगळे असावेत, हे त्या अशिक्षित म्हटल्या जाणाऱ्या कुणब्यांना कळले होते. या साऱ्यांना मोबदला बिघ्यामागे धान्याच्या रूपाने मिळे. कालव्यातला गाळ काढणे, बंधाऱ्याची डागडुजी ही कामे सगळ्यांनी मिळून करायची.

स्पेनमधील व्हॅलेन्सिया शहराच्या कॅथेड्रलचे उदाहरण आपल्या वाचकांना आवडेल. तेथील प्रेषितांच्या दारापुढे दर गुरुवारी दुपारी बारा वाजता पाण्याचे न्यायालय भरते. आठ कालव्यांच्या शेतकऱ्यांनी निवडलेले आठ प्रतिनिधी काळे अंगरखे घालून बसतात, तक्रारी तोंडी ऐकतात आणि तोंडीच निवाडा देतात. ही प्रथाही अरब राजवटीच्या काळापासून आली, असे मानतात. २००९ साली युनेस्कोने तिची मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद केली. त्याच वर्षी अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन विदुषीला मिळाले. त्या पारितोषिकाच्या पहिल्या महिला मानकरी त्या. सामाईक मालमत्ता सरकारी अंमल किंवा खासगी मालकी यांवाचूनही गावे नीट सांभाळू शकतात, हे त्यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात दाखवले, आणि व्हॅलेन्सियाचे कालवे त्यातील एक दाखला होते. पांझरेकाठचे पंच असे काळे अंगरखे घालून कोणत्या देवळापुढे बसत नव्हते. एवढाच काय तो फरक, असे म्हणण्याचा मोह होतो.

इंग्रजी अमलात या नदीवर एक तरुण अभियंता येऊन गेला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याची पदवी घेऊन १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता झाले आणि त्यांच्या आरंभीच्या कामांपैकी एक खानदेशात होते. साक्री तालुक्यातील दातर्ती येथे पांझरेच्या पात्राखालून नळाने पाणी पलीकडे नेण्याचे ते काम. पावसाळ्यात, पुराशी झगडत त्यांनी ते तडीस नेले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनीच नीरा कालव्यावर 'ब्लॉक पद्धत' आणली. सलग क्षेत्राचे गट पाडून पिकांची फेरपालट ठरवायची आणि पाणी कालव्याच्या अखेरपर्यंत पोहोचेल असे पाहायचे, हे तिचे सूत्र. पांझरेकाठी त्यांनी जे पाहिले त्याचा येथे किती उपयोग झाला, हे सांगणे कठीण. पण दोहोंतील साम्य नजरेआड करता येत नाही.

फड मोडले ते एका दिवसात नव्हे. विहिरी वाढल्या, विजेचे पंप आले आणि ज्याच्या विहिरीला पाणी त्याला पंचांची गरज उरली नाही. उसाचा भाव चढला तेव्हा एका फडात बाजरी घेण्याचा नियम जाचक वाटू लागला. वारसांच्या वाटण्यांत पट्ट्यांचे तुकडे झाले. नदीच्या वरच्या अंगाला सरकारी धरणे झाली; पाणी सोडण्याचा निर्णय चावडीवरून कचेरीत गेला. धरणांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्यांनी उन्हाळ्यातही पाणी दिले, जे बंधाऱ्याला कधी जमले नसते. परंतु नव्या साठ्याबरोबर जुना नियम टिकवावा, असे फारसे कोणाला सुचले नाही. दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने १९९७ साली देशातील जलपरंपरांवर जो ग्रंथ काढला, त्यात फडाचे वर्णन मावळत्या शहाणपणाच्या यादीत आहे.

येथवर वाचून कोणी 'जुने ते सोने' म्हणेल, म्हणून हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. फडात वाटा कोणाला होता? ज्याची जमीन त्याला. जागल्याला राखणीचे धान्य मिळे, पाण्यावर हक्क मिळत नसे. खानदेशात शेतीचे वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला उलटते. सालदाराचा करार त्या दिवशी संपतो आणि नवा होतो. फडाच्या उसाला पाणी धरणाऱ्या कित्येक हातांचा संबंध त्या पाण्याशी आखाजी ते आखाजी एवढाच होता. ती व्यवस्था शतके टिकली, म्हणजे आजच्या भाषेत ती 'शाश्वत' होती. पण तिच्या शेजारी भूमिहीनांचे दारिद्र्यही तितकीच शतके टिकले. दोन्ही गोष्टी एकाच बांधावर नांदल्या.

ही उणीव महाराष्ट्राने पाहिली ती १९७२ च्या दुष्काळानंतर. माझ्या पिढीतील मुले मिलो आणि सुकडीच्या गोष्टी घरोघरी ऐकत वाढली. खडी फोडणाऱ्या हातांना काम देण्यासाठी विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ साली तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला, आणि २००५ च्या राष्ट्रीय कायद्याला तिनेच वाट दाखवली. तिने उपासमार टाळली. मात्र हमीवर बांधलेल्या बंधाऱ्याचे पाणी अखेर ज्याची जमीन त्याच्याच विहिरीत झिरपले.

पुण्यातील एक अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे यांनी हाच प्रश्न पुरंदर तालुक्यात हाती घेतला. नायगाव येथे एका देवस्थानाची सुमारे ४० एकर उजाड जमीन भाडेपट्ट्याने घेऊन त्यांनी १९७४ पासून प्रयोग केला आणि त्यातून 'पाणी पंचायत' जन्मली. तिचा नियम असा की पाणी जमिनीच्या मापाने न देता माणसांच्या मोजणीने द्यायचे. माणशी अर्ध्या एकरापुरते, एका कुटुंबाला फार तर अडीच एकरांपुरते. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही. ऊस आणि केळी यांना मनाई. फडात जे नव्हते ते नेमके येथे आले. उसाला मनाई करणारा नियम पुण्याजवळच्या साखरपट्ट्यात किती जणांच्या पचनी पडला असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. २००२ साली साळुंखे निवर्तले तोवर ही पद्धत काही गावांपलीकडे राज्याची रीत बनली नव्हती.

आपल्या नाशिक धर्मप्रांतातील वाचकांना या मालिकेतील आणखी एक नाव ठाऊक असेल. स्वित्झर्लंडहून १९४८ साली आलेले येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी अहमदनगरच्या सोशल सेंटरमधून पाणलोट विकासाचे काम उभारले. १९९२ पासून चाललेल्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमामागे त्यांचीच प्रेरणा होती. गावाने श्रमदान करावे, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळावी, मगच पैसा यावा, असा त्यांचा आग्रह. आमच्या जिल्ह्यात साक्री तालुक्यातील बारीपाड्याने १९९० च्या दशकापासून ४०० हेक्टरांहून अधिक जंगल स्वतःच्या नियमांनी राखले. त्या कामासाठी तेथील चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. पंचांच्या निवाड्याची जुनी सवय या डोंगराळ पाड्यांत अजून शिल्लक असावी.

आता तापीकडे परत येऊ. सुलवाडे आणि सारंगखेडे येथील बॅरेजेसमुळे तापीचे पाणी आमच्या शिवारालगत अडले आहे. ते उचलून शिंदखेडा आणि धुळे तालुक्यांना देणाऱ्या सुलवाडे–जामफळ–कनोली उपसा योजनेची कोनशिला १६ फेब्रुवारी २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी धुळ्यात बसवली. पाणी येईल तेव्हा त्याची व्यवस्था करण्यासाठी २००५ चा सिंचन व्यवस्थापन कायदा आहेच. त्यानुसार पाणी मोजून संस्थेला मिळते, वाटप संस्था करते. फडाचे पंच कायद्याच्या पोशाखात परत आले, असे समजायला हरकत नाही.

मात्र संस्थेची सभासदयादी सातबाऱ्यावरून तयार होते. ज्याच्या नावे लाभक्षेत्रात जमीन आहे किंवा जो ती कसतो, तो सभासद. दिवाळी झाली की साक्री, नंदुरबार या बाजूची आदिवासी कुटुंबे कोयता घेऊन सुरत जिल्ह्यातील बारडोलीकडे ऊसतोडीला जातात, आणि ज्या महिन्यांत रब्बीच्या पाण्याच्या पाळ्या ठरतात त्या महिन्यांत ती गुजरातेत दुसऱ्याच्या भिजलेल्या शेतात पालावर असतात. त्यांची नावे आजच्या कोणत्याही यादीत नाहीत. जामफळचे पाणी पहिल्यांदा चारीत उतरण्यापूर्वी ती घालायची की नाही, याची चर्चा व्हायची असेल तर ती आखाजीच्या सुमारास व्हायला हवी, कारण तेव्हा ती माणसे गावात असतात.